पाचोळ्याची शपथ

त्रेतायुगाचा आरंभ होता. पृथ्वीवर नगरे मोजकी आणि अरण्ये अफाट होती. देवांना मनापासून हाक मारली तर ते येत असत. आणि माणसाची चाहूल लागताच पळून जावे ही रीत पशूंना अजून ठाऊक नव्हती. त्या काळी विंध्यपर्वताच्या दक्षिण उतारावर मधूकवन नावाचे महारण्य होते. मधूक म्हणजे आपला मोह. साग, ऐन, तेंदू, पळस, सालई यांची तिथे दाटी होतीच, पण राज्य मोहाचे होते. चैत्र लागला की त्या विशाल वृक्षांची पाने गळून भूमीवर गुडघाभर पाचोळा साचे, आणि त्या पाचोळ्यावर पहाटेपासून पांढरी, रसाळ, उग्र गोड वासाची फुले टपटप पडत राहत. ती खायला सांबरे येत, चितळांचे कळप येत, अस्वले येत. आणि अस्वले तर ती खाऊन अशी डुलत चालत की पाहणाऱ्याला हसू आवरत नसे.

याच वनात दार्भायण मुनींचा आश्रम होता. वेदवेत्ते, जितेंद्रिय, सत्यवचनी, ही सगळी विशेषणे त्यांना लागू होती, पण त्यांची ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी होती. जन्मात त्यांनी कोणालाही शाप दिला नव्हता. इतर ऋषींचे तसे नसे. कोणी उठून उभे राहिले नाही, कोणी भिक्षा गार वाढली, की त्यांच्या कमंडलूतले पाणी तळहातावर आलेच म्हणून समजावे. ही मंडळी दार्भायणांची थट्टा करीत, "मुने, तुमच्या शापाला बुरशी लागली असेल हो, एकदा काढून उन्हात तरी घाला!" मुनी हसत आणि पुन्हा समिधा मोडायला बसत.

त्यांच्या यज्ञशाळेत अग्निहोत्र अखंड चाले. हेमंताच्या थंडीत तिथल्या ओट्याभोवती हरिणे, ससे, मोर, रानडुकरीण आणि तिची पिल्ले, सगळे दाटीवाटीने येऊन बसत, अग्नीची ऊब घेत, आणि आहुतीचा धूर अंगावरून गेला तरी कान हलवण्यापलीकडे काही करीत नसत. पुढे त्यांत कर्बुरा नावाची एक ठिपक्यांची हरिणी आली. मुनींच्या हातून साळीचे दाणे खाण्याची तिला इतकी खोड लागली होती की जप चालला असला तरी ती त्यांच्या कोपराला ढुशी देई, आणि मुनी निमूटपणे माळ दुसऱ्या हातात घेत.

अशा त्या वनाच्या उत्तरेकडील मैदानात अनावृष्टी आली. बारा वर्षे मेघाने तोंड दाखवले नाही. नद्या वाळूच्या झाल्या, गुरे गेली, आणि शेवटी चाळीस कुटुंबे उरलेसुरले घेऊन मधूकवनाच्या सीमेवर येऊन थांबली. त्यांच्या पुढे इंगुदी नावाची, एका लहान मुलाची आई असलेली तरुण विधवा होती. पुरुष थकले तेव्हा तिनेच त्यांना चालते ठेवले होते, म्हणून सगळे तिचे ऐकत. पण वनात त्यांना पाऊल टाकता येईना. वनदेवता निबिडेने वेलींना वेली गुंतवून आणि काट्यांना काटे अडकवून वाट बंद करून टाकली होती.

दार्भायण समिधा आणायला तिकडे गेले असता त्यांना ही माणसे दिसली. इंगुदीच्या कडेवर मातीचे एक गाडगे होते. ती उठून म्हणाली, "महाराज, अन्न मागत नाही. घरून निघताना चुलीतला विस्तव या गाडग्यात घेतला होता, तो काल विझला. चाळीस घरांत एक ठिणगी नाही. तेवढी द्या."

मुनींना गहिवरून आले. ते आश्रमात जाऊन आले आणि आपल्या गार्हपत्य अग्नीतले, म्हणजे गुरुपरंपरेने आश्रमात पिढ्यान्‌पिढ्या जपल्या जाणाऱ्या अग्नीतले, चार निखारे त्यांनी तिच्या गाडग्यात घातले. योगायोगाने तो दिवस कार्तिक शुद्ध द्वितीयेचा होता. इंगुदीजवळ देण्यासारखे काही नव्हते. तिने पदराची दशी काढून वात केली, त्याच निखाऱ्यावर पेटवली, आणि मुनींना ओवाळून म्हणाली, "आजपासून तुम्ही माझे दादा." ज्याने घरदार केले नाही, ज्याला आई आठवत नव्हती, अशा त्या तपस्व्याला साठाव्या वर्षी बहीण मिळाली. ते वेडेपणाने चार दिवस सगळ्यांना सांगत होते.

मग ते बहिणीचा कैवार घेऊन निबिडेपुढे जाऊन उभे राहिले.

ती वटवृक्षाच्या पारंब्यांतून प्रकट झाली. रानवेलींचे केस, सालीचे वस्त्र आणि वाघिणीसारखे स्थिर डोळे. मुनी म्हणाले, "हे वनेश्वरी, भुकेलेले जीव तुझ्या दारात बसले आहेत. फुले, फळे, कंद आणि वाळके सरपण, एवढेच ते मागतात. मुंगीपासून हत्तीपर्यंत सर्वांना तू पोसतेस, मग यांनीच कोणता अपराध केला?"

"तपोधना, अपराध अजून केलेला नाही, म्हणूनच वाट बंद आहे," निबिडा म्हणाली. "वाघाला किती लागते हे मला ठाऊक आहे. हत्तीला किती लागते तेही ठाऊक आहे. माणसाला किती लागते हे माणसालाही सांगता येत नाही. आणि मला भय आहे ते एका गोष्टीचे. मैदानातली माणसे मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देतात. भूमी काळी आणि मोकळी होते, फुले पांढरी उठून दिसतात. माझ्या वनात त्या पाचोळ्याखाली लावे आणि रानकोंबड्या अंडी घालतात. हरिणी आपले पाडस तिथेच झाकून चरायला जातात, आणि मी येईपर्यंत हलू नकोस, एवढी एकच गोष्ट त्याला शिकवून जातात. ते पाडस काहीही झाले तरी हलत नाही, मुने."

हे ऐकून इंगुदी पुढे आली. तिने भूमीवरचा मूठभर पाचोळा उचलला, दोन्ही हातांत धरला, आणि सर्वांदेखत बोलली, "देवी, या पाचोळ्याची शपथ. आम्ही तो झाडू, पण जाळणार नाही. आमच्या हातून यात ठिणगी पडणार नाही."

"शपथ भुकेने घेतली आहे. पोट भरल्यावर ती कोण सांभाळील? जामीन कोण?"

"मी," दार्भायण म्हणाले.

निबिडा म्हणाली, "नीट विचार कर. वनदेवतेला मनुष्यास शाप देण्याचा अधिकार ब्रह्मदेवाने ठेवलेला नाही. तो तपस्व्यांकडे आहे. शपथ मोडली त्या दिवशी मी तुझ्या दारात येईन आणि तुझी वाणी मागेन. मग यांना शाप तुझ्या तोंडून द्यावा लागेल, आणि तेव्हा ही तुझी बहीण आहे हे मला सांगून चालणार नाही."

मुनींनी इंगुदीकडे पाहिले. तिच्या हातात पाचोळा अजून तसाच होता. ते हसून "तथास्तु" म्हणाले, आणि वेलींनी वाट दिली.

वनाच्या कडेला पर्णग्राम वसले. पहिल्या पंधरा वर्षांबद्दल कोणालाही बोट दाखवायला जागा नाही. चैत्रात उजाडायच्या आत बायका शिंदीच्या पात्यांचे झाडू घेऊन निघत, प्रत्येक मोहाखालचा पाचोळा हलक्या हाताने बाजूला सारत, अंडी दिसली तर तेवढी जागा सोडून देत, आणि मग फुले वेचत. दुसऱ्या दिवशी तेवढीच पाने पुन्हा पडलेली असत. पुन्हा झाडायचे. असे महिनाभर. महिन्याच्या शेवटी कितीतरी बायकांना सरळ उभे राहता येत नसे. पण फुले मिळत. ती वाळवून वर्षभर भाकरीत घालता येत. आणि मुले जगली. दर चैत्रात पहिल्या फुलांची परडी इंगुदी आश्रमात आणी, दर कार्तिकात दादाला ओवाळायला येई. मुनी तिच्यासाठी आठ दिवस आधीपासून मध काढून ठेवीत.

हळूहळू मैदानातून आणखी कुटुंबे येऊन चाळीस घरांची चारशे झाली. जी झाडे चाळीस घरांना पुरून उरत ती चारशेंना अपुरी पडू लागली. बायका वनात आत आत जाऊ लागल्या. आणि मुनींच्या एवढेच ध्यानात आले की इंगुदी आणते ती फुले अलीकडे फार निर्मळ असतात. एकदा ते कौतुकाने म्हणाले, "इंगुदी, पूर्वी फुलांना माती लागलेली असे, काड्या असत. आता कशी गं एवढी स्वच्छ आणतेस?"

"धुऊन आणते, दादा. देवाला द्यायची ना."

त्या उत्तराने मुनींचे डोळे भरून आले. बहिणीची ही भक्ती त्यांनी शिष्यांना दाखला म्हणून सांगितली. मात्र फुले पडत तेव्हा पर्णग्रामच्या बाजूच्या रानात एकदा जाऊन पाहावे, असे त्यांना बावीस वर्षांत वाटले नाही. बहिणीच्या शब्दावर भाऊ पहारा ठेवतो काय, असे ते म्हणाले असते. खरे सांगायचे तर त्यांना बसल्या जागी सुख होते.

बाविसाव्या चैत्रात, शुद्ध नवमीला भर दुपारी, पश्चिमेचा वारा सुटला आणि पर्णग्रामच्या बाजूने धूर उठला. पाहता पाहता तो आकाशाला भिडला. मुनी कमंडलू टाकून धावले. समोरून ज्वाळांची भिंत येत होती. सालईची झाडे तडातड फुटत होती, पळसाच्या फांद्या पेटून खाली कोसळत होत्या, आणि पाचोळ्यावरून आग पाण्यासारखी वाहत होती. मुनींनी वरुणाला आवाहन केले, पर्जन्यसूक्ते म्हटली, हातांनी माती टाकली. त्यांची दाढी करपली, तळवे सोलले. पशू मात्र त्यांना वेळेवर पळताना दिसले नाहीत. अस्वले धुराकडे पाहत नुसती उभी होती. चितळे तिथेच रवंथ करीत होती. आच अंगाला लागली तेव्हा ती उठली, आणि मग फार उशीर झाला होता.

तीन दिवसांनी आग डोंगराच्या खडकापाशी संपली. अर्धे मधूकवन गेले होते. मुनी त्या काळ्या भूमीवरून चालत असता त्यांना कर्बुरा दिसली. ती एका जळक्या मोहाखाली उभी होती आणि पुढच्या खुराने राख उकरीत होती. मुनींनी तिला हाक मारली. तिने मान वर केली नाही. ती काय शोधते आहे हे त्यांना कळले, आणि ते तिथेच बसले.

आश्रमात परत आले तेव्हा निबिडा दारात उभी होती. तिचे केस जळाले होते. ती फक्त म्हणाली, "जामीन."

"देवी, थांब," मुनी म्हणाले. "आग कशी लागली हे आधी कळू दे. माझी बहीण असे करणार नाही. मी तिला घेऊन येतो."

पर्णग्रामात जाऊन त्यांनी इंगुदीला विचारले. तिने त्यांचे सोललेले तळवे पाहिले आणि तिच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. मग ती म्हणाली, "दादा, कोरडी वीज पडली. आम्ही सगळ्यांनी पाहिली. डोंगरावरच्या वाळल्या ऐनावर पडली." भोवतीच्या लोकांनीही माना डोलावल्या. मुनींच्या मनावरचे ओझे उतरले. आपण क्षणभर तरी शंका घेतली याची त्यांना लाज वाटली. ते तिला आणि गावकऱ्यांना घेऊन आश्रमात आले.

इंगुदीने तीच गोष्ट निबिडेपुढे सांगितली. वनदेवता ऐकून घेऊन म्हणाली, "मुने, माझा हिच्यावर विश्वास नाही."

आणि इथे दार्भायणांनी ते केले जे त्यांनी करायला नको होते. बहिणीचा अपमान त्यांना सहन झाला नाही. ताडकन उठून ते यज्ञकुंडापाशी गेले, समिधा टाकली, आणि मोठ्या आवाजात बोलले, "हे वैश्वानरा, हे सर्वसाक्षी हुताशना! चाळीस वर्षे मी तुझी सेवा केली आहे. प्रकट हो, आणि माझी भगिनी इंगुदी सत्य बोलते आहे एवढी साक्ष या देवीपुढे दे!"

"दादा, नको," इंगुदी म्हणाली. ते इतके हळू होते की मुनींना ऐकू आले नाही.

कुंडातून सुवर्णाची दाढी, तांबडे नेत्र आणि सात जिभा असलेला अग्निदेव वर आला. त्याच्या मुखावर तेज होते, पण तो मुनींच्या नजरेला नजर देत नव्हता.

"दार्भायणा, साक्षीला बोलावण्याआधी मला एकांतात विचारले असतेस तर फार बरे झाले असते," तो म्हणाला. "आता विचारलेच आहेस तर ऐक. या चैत्रात मी आकाशातून आलो नाही. मी या स्त्रीच्या चुलीतून, गोवरीवर बसून आलो. आणि आजच आलो असेही नाही. सात वर्षे येतो आहे. पहिल्या वर्षी हिने एका झाडाखाली मला ठेवले. भोवती माती उकरून आळे केले होते, पाण्याची घागर घेऊन ही स्वतः उभी होती. काम झाल्यावर हिने मला विझवले आणि फुलांवरची काजळी ओढ्यावर धुतली. हिचे पाहून दुसरीने केले, तिचे पाहून दहा जणींनी. या वर्षी चारशे घरांतून मला नेले. घागर कोणाच्याच हातात नव्हती, आणि वारा सुटला."

 अग्नीने पुढे सांगितले, "आणखी एक गोष्ट आहे, ती मी लपवणे योग्य नव्हे. हिच्या चुलीतला मी कोण? तुझ्या गार्हपत्यातून तू हाताने दिलेला. चारशे घरांत तोच अग्नी आहे. पशूंना माझा वास आला तेव्हा त्यांनी मला ओळखले. थंडीत ज्याच्याजवळ निजतो तोच हा, म्हणून ते उठले नाहीत." एवढे बोलून तो कुंडात मावळला.

 मुनींना सात परड्या आठवल्या. धुऊन आणलेल्या फुलांच्या. त्यातली प्रत्येक परडी त्यांनी स्वतः देवापुढे ठेवली होती, आणि शिष्यांना म्हटले होते की भक्ती अशी असावी.  आपण फसवले गेलो, आणि ज्याच्यावर एवढा जीव लावला त्यानेच फसवले, हे दुःख तपाने हलके होत नाही. मुनींचेही झाले नाही.

"इंगुदी," ते शेवटी म्हणाले, "सात वर्षे तू मला ओवाळलेस. त्यातल्या एका वर्षी तरी सांगायचे होतेस."

इंगुदी रडत होती, पण मान खाली घातली नव्हती. "काय सांगणार होते, दादा? शपथ मी घेतली, जामीन तुम्ही राहिलात, पण वाकायचे होते ते बायकांना. रोज झाडायचे, रोज पुन्हा पडलेले पाहायचे. पंधरा वर्षे झाडले. माझी सून वाकल्या वाकल्या बाळंत झाली, मूल राहिले नाही. त्या चैत्रात मी पहिली ठिणगी टाकली. वाटले, एकाच झाडाखाली टाकते, पाणी घेऊन उभी राहते, कोणाचे काय जाणार आहे! काही गेले नाही. पुढच्या वर्षीही गेले नाही. मग तुम्हाला सांगायचे राहून गेले. आणि आज वीज पडली म्हणून सांगितले ते तुमच्यासाठी. खरे सांगितले असते तर तुमच्या तोंडून शाप निघाला असता. जन्मात कधी दिला नाही तुम्ही."

"सून गेली होती आणि मला कळवले नाहीस?"

"सून आहे, दादा. मूल गेले."

"तेही कळवले नाहीस," मुनी म्हणाले.

निबिडा पुढे आली. "मुने, तुमचे भावाबहिणीचे बोलणे झाले असेल तर माझे ऐक. माझ्या वनातली एक पिढी राखेत आहे. मला तुझी वाणी दे. यांच्या मुलांना या पृथ्वीवर एकही अरण्य थारा देणार नाही, असे म्हण."

गावकऱ्यांत आक्रोश झाला. बायकांनी मुले पोटाशी धरली. दार्भायणांनी कमंडलू उचलला. त्या हाताला हे काम ठाऊक नव्हते.

"देवी, वाणी तुझी आहे, मी ती नाकारणार नाही," ते म्हणाले. "पण पाडसांच्या बदल्यात मुले मी घेणार नाही. जे यांनी जाळले तेवढेच यांचे जाईल. पाचोळा पुढच्या वर्षी पुन्हा पडेल, मोह पुन्हा फुटेल. पशूंचा माणसावरचा भरवसा जळाला आहे, तो माणसाला परत न मिळो, हा माझा शाप."

निबिडेने क्षणभर विचार केला. तिच्या डोळ्यांतला राग थोडा ओसरला. "चालेल. पण तूही मनुष्य आहेस. स्वतःला वगळून म्हण. तुझा काही दोष नाही."

"निखारे माझे होते," मुनी म्हणाले. "आणि जामीन वगळला जात नाही."

त्यांनी पाणी तळहातावर घेतले आणि मेघगर्जनेसारख्या स्वरात उच्चारले, "आजपासून मनुष्याचा वास हाच पशुपक्ष्यांना भयाचा वास होईल! तो शस्त्र घेऊन येवो वा अन्न घेऊन, मारायला येवो वा तारायला, त्याची चाहूल लागताच हरीण पळेल, पाखरू उडेल, अस्वल झाडीत शिरेल. त्याने कितीही गोड हाक मारली तरी त्याच्यापाशी कोणी येणार नाही!" आणि पाणी भूमीवर सोडले.

इंगुदीने त्यांचे पाय धरले. "दादा, उःशाप द्या. शापाला उःशाप असतो."

मुनींनी निबिडेकडे पाहिले. ती म्हणाली, "असतो. पण तो ज्याचे नुकसान झाले त्याच्या सांगण्यावरून द्यायचा असतो. ज्यांची पिल्ले गेली त्यांना जाऊन विचार." मग तिला आठवले की पशूंना बोलता येत नाही, किंवा कदाचित ते तिला आधीपासूनच ठाऊक होते. ती अंगणाबाहेरच्या वडाच्या पारंब्यांत दिसेनाशी झाली.

शाप उच्चारला गेला त्या क्षणी यज्ञशाळेच्या ओट्यावरचे मोर एकदम उडाले. ससे उड्या मारत गेले. कर्बुरा अंगणाच्या कडेला येऊन उभी होती. मुनींनी सवयीने साळीचे दाणे घेऊन हात पुढे केला. तिने नाक वर करून वास घेतला, आणि तिचे सगळे अंग शहारले. एका उडीत ती कुंपणापलीकडे गेली. मुनींचा हात तसाच पुढे राहिला होता.

याहून कठीण गोष्ट वैशाखात झाली. आगीनंतर वनातले पाणवठे राखेने भरून आटले होते, आणि पाणी राहिले होते ते एकट्या आश्रमातल्या झऱ्याला. तहानेने व्याकूळ झालेले कळप कुंपणाबाहेर येऊन उभे राहत, झऱ्याकडे पाहत, आणि मुनींचा वास येताच मागे हटत. मुनी झोपडीत दार लावून बसले, तरी वास जाईना. ते टेकडीवर जाऊन बसले, तरी वारा खाली येई. चौथ्या दिवशी कुंपणाशी एक सांबर मरून पडलेले दिसले. त्याच दुपारी मुनींनी अग्निहोत्राचे निखारे शांत केले, शिष्यांना निरोप दिला, कमंडलू आणि दर्भासन घेतले, आणि ज्या आश्रमात आयुष्य गेले त्याचे फाटक उघडे टाकून ते बाहेर पडले.

वनात तर राहता येत नव्हते. मग जायचे कुठे? माणसांत. दार्भायण पर्णग्रामात गेले आणि इंगुदीच्या पडवीत आसन टाकून बसले. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. ते प्याले. ती काही बोलायला गेली, तेव्हा त्यांनी हाताने तिला थांबवले.

ते तिथे अकरा वर्षे राहिले. दर चैत्रात उजाडायच्या आत शिंदीचा झाडू घेऊन तो वृद्ध तपस्वी बायकांबरोबर जाई आणि कंबर मोडेपर्यंत पाचोळा झाडी. त्याला पाहून गावातले पुरुषही झाडू हातात घेऊ लागले. पर्णग्रामात पुन्हा कोणी ठिणगी टाकली नाही. दर कार्तिकात इंगुदी पाट मांडे, मुनी येऊन बसत, ती ओवाळी आणि ते ओवाळून घेत. मात्र त्या दिवसानंतर त्यांनी तिला कधी नावाने किंवा नात्याने हाक मारली नाही. ती मेली तेव्हा तिच्या चितेला अग्नी त्यांनीच दिला, आणि त्या वेळीही ते काही बोलले नाहीत.

असा हा शाप मनुष्यजातीला लागला आहे, आणि त्याचा उःशाप अजून कोणाला मिळालेला नाही. आजही रानात पाणी घेऊन गेलेल्या माणसाला ते ठेवून दूर निघून जावे लागते, तो गेल्यावरच हरिणे पाण्याशी येतात. दार्भायणांना हे इतरांच्या आधी शिकावे लागले. पर्णग्रामच्या चढावरून आश्रमातला झरा दिसे. उन्हाळ्यात दुपारी ते तिथे उभे राहून पाण्यावर आलेले कळप पाहत, त्यांत एखादी ठिपक्यांची म्हातारी हरिणी आहे का ते डोळे बारीक करून शोधत. मग वारा फिरे, खाली सगळ्या माना एकदम वर होत, आणि मुनी घाईघाईने घरात जाऊन दार लावून घेत.